सकाळी सहाचा वर्ग

ता. ३, सोमवार

आज आलेलं सामान: पाट्या चौदा. त्यातल्या दोन कोपऱ्यात तडकलेल्या म्हणून निम्म्या दराने घेतल्या, एकूण चौऱ्याऐंशी रुपये पन्नास पैसे. खडूचे खोके दोन, नऊ रुपये. जुना फळा एक, चाळीस. चटया तीन, बेचाळीस. पाण्याचा पत्र्याचा डबा झाकणासह, अकरा. एकूण एकशे शहाऐंशी रुपये पन्नास पैसे. वर्गणी जमली एकशे नव्वद. उरलेले साडेतीन रुपये माझ्याकडे पुरचुंडीत.

घरखर्च या वहीत पुढून लिहिते, वर्गाचं आजपासून मागून. त्यासाठी वेगळी वही घेणं म्हणजे नुसती उधळपट्टी. मास्तरांनी सांगितलं, "वहिनी, तुमचं अक्षर स्वच्छ आहे, तुम्ही नोंद ठेवा. मुलं किती, कुठली, कधी येतात, सगळं. उद्या टेकडीवरच्या शाळेत विचारलं तर दाखवायला हवं." मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण नोंद ठेवायला तेवढं पुरतं.

टेकडीवरच्या शाळेने यंदा प्रथमच बारा जागा बिनफीच्या ठेवल्या आहेत. अठ्ठावीस तारखेला परीक्षा. पास होतील ती मुलं घ्यायची, मग ती भंगारपट्टीतली का असेनात, असं तिथल्या मोठ्या बाई मास्तरांना म्हणाल्या. आमच्या पट्टीतली चौदा मुलं बसवायची आहेत. सगळी गोदामाच्या शेडमध्ये कामाला, जुन्या बॅटऱ्या फोडायला नाहीतर तारा सोलायला. शेडची घंटा आठला होते, म्हणून वर्ग सकाळी सहा ते साडेसात. जागा शिवणवालीच्या खोलीत. ती भाडं घेत नाही, टोमणे मारते.

"वहिनी, या फळ्याला एक पाय नाही."

"म्हणून चाळीसला आला."

"मग दोन्ही पाय नसलेला वीसला मिळाला असता की. टेकवायचा भिंतीलाच आहे."

हे शनिवारी वही तपासतात. लग्न झाल्यापासूनची आमची ही रीत. हिशेबाला उपयोगी पडावी म्हणून मॅट्रिकवाली केली, असं चारचौघांत थट्टेने सांगतात. गोदामाच्या काट्यावर कारकून आहेत, दिवसभर माल तोलतात, घरी येऊन माझ्या बेरजा तोलतात. बरोबर असेल तर पानाच्या तळाशी निळ्या पेन्सिलीने खूण. आता मागची पानंही बघतील. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही.

देवा, काम तुझं आहे, नोंद फक्त माझी.

ता. ६, गुरुवार

खारूताई म्हणून एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. ढिगांवर सरसर चढते म्हणून हे नाव पडलं, खरं नाव तिच्या आईलाही आठवून सांगावं लागलं. पाढे कोणी शिकवले नाहीत, तारांचे जुडगे मोजता मोजता तिने स्वतःच बसवले. सतराचा पाढा उलटा म्हणते. मास्तर म्हणाले, "ही एकटी पास झाली तरी वर्गाचे पैसे वसूल."

आज मुकादम आला. शेडमधली पोरं त्याच्या ताब्यात असतात. दारात उभा राहून चपला न काढता म्हणाला, "काय वहिनी, शाळा काढली म्हणे. मला नाही बोलावलं?"

"आठच्या आत सोडतो सगळ्यांना. तुमच्या कामाला धक्का नाही," मी म्हटलं.

"आज नाही. अठ्ठावीसनंतर?" असं म्हणून त्याने खारूचा हात धरला आणि सगळ्यांना दाखवला. "ही बोटं बघा. तार सोलते तर तांब्यावर ओरखडा नाही. आमच्या जाड बोटांना जमतं का हे? देवाने ज्याला जे दिलं त्याने ते करावं." बोलता बोलता त्याने तिची करंगळी मागे वाकवली. सावकाश, पापडाचा तुकडा मोडावा तशी. मला वाटलं आता सोडेल. कट् असा आवाज झाला तेव्हा सोडली.

पोरगी ओरडली नाही. मास्तर उठले तर त्यांच्या छातीवर हात ठेवून मुकादम म्हणाला, "बसा. शिकवा."

नर्सबाईंनी करंगळीला पट्टी बांधली. दवाखान्यातून सुटून त्या वर्गाला येतात, फळ्यावर अक्षर काढायला मास्तरांना मदत करतात.

यांना सांगितलं. हे बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "आपण राहतो ती खोली गोदामाची आहे, एवढं ध्यानात ठेव."

ता. ८, शनिवार

मुकादमाच्या नजरेस नको म्हणून सोमवारपासून मुलं नाल्याच्या भिंतीकडच्या बोळातून येतील. पावणेसहाला, दोन दोन करून. पुढे मी, मागे शिवणवाली.

यांनी सगळी पानं वाचली, खूण केली. "इतकं बारीक कशाला लिहितेस?" असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत. हसले, पण ओठांनीच.

ता. ११, मंगळवार

काल लिहिता आलं नाही.

काल पहाटे मी निघणार तेवढ्यात यांच्या पोटात कळ आली. इतकी, की माझा पदर धरून बसले, जाऊ नकोस म्हणाले. बावीस वर्षांत हे कधी असं वागले नव्हते. ओवा दिला, पोट शेकलं. साडेसहाला एकदम बरं वाटलं.

तेवढ्या वेळात बोळात दगड पडले. भिंतीवर चारपाच जण बसले होते. अर्ध्या विटा आणि फोडलेल्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या. बोळ अरुंद, पळायला जागा नाही. बोबड्या म्हणतात तो मुलगा सगळ्यांत पुढे होता, म्हणजे माझ्या जागी. पट्टी डाव्या डोळ्यात घुसली. नर्सबाईंनी तिथेच धरून बसवला आणि हातगाडीवर घालून दवाखान्यात नेला. डोळा गेला. अजून दोघांची डोकी फुटली. शिवणवालीने एका पोराला पोटाखाली घेतलं, तिच्या पाठीवर मुठीएवढे काळेनिळे डाग आहेत.

"माझी पाठ असताना आता टेप नको," ती म्हणाली. "इंच मोजायला खुणा झाल्या."

मी देवापुढे बसले. माझ्याऐवजी त्या लेकराचा डोळा का घेतलास हे विचारायचं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. मला वाचवलंस, यांच्या पोटात वेळेवर कळ घातलीस, एवढंच म्हणाले. नंतर माझी मलाच शरम वाटली. पण तोंडातून आलं ते आलं.

बोबड्याच्या आईने आज त्याला पुन्हा वर्गाला पाठवला, डोळ्याला पट्टी बांधून. "एक आहे ना," म्हणाली. "त्याने वाचेल."

ता. १५, शनिवार

मालकांनी यांना काट्यावरून उचलून ऑफिसात घेतलं. खुर्ची आहे, पंखा आहे, गोदामातला एकुलता एक फोन यांच्या टेबलावर. पगारात पस्तीसची वाढ. मी म्हटलं, देव एका हाताने घेतो, दुसऱ्याने देतो. हे म्हणाले, "देवाचं नाव मध्ये घालू नकोस." दमलेले दिसतात.

चौदा मुलांचे अर्ज तयार झाले. आईबापांचे अंगठे घेता घेता माझी बोटंही शाईने निळी झाली. सोमवारी सकाळी सातला मास्तर सायकलवर टेकडीच्या शाळेत नेऊन देणार, नाल्यावरच्या मोरीच्या रस्त्याने, तिकडे वर्दळ नसते. मी कॅरिअरवर बसून बरोबर जाणार. कुणी अक्षराबद्दल विचारलं तर लिहिणारी समोर हवी.

वही तपासली गेली.

ता. १८, मंगळवार

मास्तर जगतील असं डॉक्टर म्हणतात.

कसं झालं ते क्रमाने लिहिते. काल सकाळी यांच्या ऑफिसच्या चाव्या सापडेनात. नवी जागा, चाव्या हरवल्या तर नोकरी जाईल म्हणून हे घामाघूम. मी गादी उलटली, डबे उपसले, न्हाणीच्या भोकात हात घातला. दोन वेळा म्हटलं, मास्तर थांबलेत हो. म्हणाले, "त्यांना जाऊ दे, तू शोध." मास्तर एकटे गेले. पावणेआठला चाव्या यांच्याच कोटाच्या आतल्या खिशात मिळाल्या. मी हसले. हे हसले नाहीत.

मोरीवर तिघे होते. लोखंडी सळीने पहिला घाव जबड्यावर, म्हणजे ओरडता येऊ नये. मग उजवा हात. मोरीच्या कठड्यावर ठेवून मोडला. लाकडं मोडतात तसा, दोनदा, असं पलीकडच्या काठावरून दूधवाल्याने पाहिलं. पुढे व्हायची त्याची हिंमत झाली नाही, हे त्याने रडत सांगितलं. अर्ज फाडून पाण्यात टाकले. सायकलही.

अर्ज पोचवायची मुदत उद्याची होती. पण माझ्या वहीत सगळं आहे. जन्मतारीख, बापाचं काम, घर कुठलं, अंगावरची खूण. काल दुपारी बसले ती आज पहाटे उठले. चौदा अर्ज पुन्हा लिहिले, एक खाडाखोड नाही. नर्सबाई दारोदार फिरून पुन्हा अंगठे घेऊन आल्या. अर्ज त्यांच्या रुग्णांच्या चादरींच्या गाठोड्यात घालून टेकडीवर गेले. ही युक्ती शिवणवालीची. मोठ्या बाईंनी सही करून पोच दिली.

पोच घेऊन आल्यावर नर्सबाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. दगड पडतात तेव्हा तुम्ही घरी. सळी चालते तेव्हा तुम्ही घरी. बायका बोलतात."

मी म्हटलं, "देवाच्या मनात असेल तर मी काय करू?"

"देवाला पट्टीतली आणखी कोणी दिसत नाही का?" त्या म्हणाल्या आणि गेल्या.

खूप लागलं. चहा केला, प्यायले नाही.

ता. २०, गुरुवार

मास्तरांना भेटले. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. डाव्या हाताने पाटीवर लिहितात. वाकडंतिकडं अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं. अर्ज पोचल्याचं सांगितलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. मग पाटी पुसून लिहिलं: वही कोण वाचतं?

मी म्हटलं, देव वाचतो आणि हे वाचतात. तिसरं कोणी नाही.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग पाटी उलटी करून उशीखाली ठेवली.

वाटेत येताना मनात पाल चुकचुकली. तिला तिथेच हाकललं. ज्या माणसाने बावीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही, मूल झालं नाही म्हणून सासूने दुसरी बायको सुचवली तेव्हा जो ताटावरून उठून गेला, त्याच्याबद्दल हाडं मोडलेल्या माणसाला तापात काहीही सुचेल. मी धडधाकट आहे.

ता. २२, शनिवार

मंगळवारी सराव परीक्षा आहे. कुठे, ते लिहायचं नाही असं ठरवलं.

वरची ओळ लिहून अर्धा तास झाला. तिच्याकडे बघितलं की लाज वाटते. आजवर यांच्यापासून एक पैसा लपवला नाही, आणि आज एका पाटीवरच्या तीन शब्दांमुळे नवऱ्याला चोर ठरवू? यांनी ही ओळ वाचली तर काय वाटेल? खोडली तर खाडाखोड दिसेल. म्हणून लिहिते: मंगळवारी सहाला, शिवणवालीच्याच खोलीत, दार आतून लावून. मास्तर दवाखान्यात गेल्यापासून तिथे वर्ग नाही, जुनी जागा सोडली असं सगळ्यांना वाटतंय, म्हणून तीच सुरक्षित.

लिहिल्यावर मन हलकं झालं. यांनी वाचलं. पेन्सिल बराच वेळ हातात धरून बसले होते. मग खूण केली आणि पांघरूण अंगावर घेऊन झोपले, जेवले नाहीत.

ता. २६, बुधवार

डाव्या हाताने लिहिते. उजवा पट्टीत आहे.

शिवणवाली गेली.

मंगळवारी पहाटे हे छातीत दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, नर्सबाईंना पाठवते, पण मला जायलाच हवं, पोरांना शब्द दिलाय. यांनी माझे दोन्ही हात धरले. "आज नको. ऐक माझं. आज नको." मी सोडवून घेतले. उंबऱ्यात बसून राहिले ते.

खोलीत आम्ही दोघी आणि अकरा मुलं. गणिताची तीन उदाहरणं झाली होती. आधी रॉकेलचा वास आला. शिवणवाली म्हणाली, "कुणाचा स्टोव्ह गळतोय?" तेवढ्यात दाराखालून आग आत आली, पाणी शिरतं तशी. दार उघडेना. बाहेरून कडी होती. दारालगतच्या खिडकीला गज. वास आल्यापासून खारू गजाला लटकून बाहेर बघत होती, मी तिला खाली ओढलं. कापडाचे तागे पेटले, मग छताचं प्लास्टिक जळत जळत थेंब थेंब अंगावर पडायला लागलं. एका पोराचे केस पेटले ते मी हाताने दाबले. तोच हा हात.

बाहेरून घाव ऐकू आले. दार कोसळलं. हे होते. हातात पहार. मुलं त्यांच्या अंगावरून, पायांवरून बाहेर गेली. मला कमरेला धरून ओढलं. शिवणवाली अकरावं मूल बाहेर ढकलून मशीनसाठी परत फिरली. "हप्ते फिटायचेत," असं काहीतरी ती ओरडली. छत तेव्हा आलं.

तिला ओळखायला काही उरलं नव्हतं. गळ्यातल्या टेपचं पितळी टोक सापडलं.

पहार कुठून आणली असं मी यांना नंतर विचारलं. म्हणाले, हाताला लागली. इतक्या लवकर कसे पोचलात? म्हणाले, तुझ्या मागोमाग निघालो. छातीत दुखत असताना. देवच पळवत आणतो माणसाला. घरी येऊन हे ओकत होते. पोटात काही नव्हतं तरी ओकत होते.

ता. २७, गुरुवार

कडी कोणी लावली ते खारूने खिडकीतून पाहिलं. मुकादमाने स्वतः. रॉकेलचा डबा दुसऱ्याच्या हातात होता. फौजदाराने लिहून घेतलं, पण म्हणाला, पोरीचं म्हणणं न्यायाधीशापुढे झालं पाहिजे. तारीख पुढच्या महिन्याची नऊ. "तोवर पोरीला जपा," असं म्हणाला आणि जीपमध्ये बसला. मुकादम मोकळाच आहे.

ता. २८, शुक्रवार

नऊ जणांनी परीक्षा दिली. तिघांना आईबापांनी सोडलं नाही, दोघं दवाखान्यात. बोबड्याने मान वाकडी करून एका डोळ्याने पेपर लिहिला. शाळेच्या फाटकासमोर गोदामाची चार माणसं विड्या ओढत बसली होती. मोठ्या बाई स्वतः फाटकात येऊन उभ्या राहिल्या आणि एकेकाचा हात धरून आत नेलं.

ता. ३०, रविवार

काल वही तपासली गेली नाही. प्रथमच.

आज सकाळी मुकादम आमच्या दाराशी आला. मला वाटलं माझ्यासाठी. पण हेच बाहेर गेले, दार ओढून घेतलं. मी चुलीपाशी होते, तुटक तुटक ऐकू आलं. हे सारखं एकच म्हणत होते, "ती आत होती. ती आत होती." मुकादम म्हणाला, "ते बघायचं काम तुमचं होतं." किती उर्मट माणूस. पण मला यांचं कौतुक वाटलं. त्या राक्षसाला दारात उभं करून बायकोसाठी जाब विचारला. इतकी वर्षं मी यांना भित्रे समजत होते.

ता. ३१, सोमवार

नऊपैकी सात पास. खारू पहिली. बोबड्या सातवा, पण पास. ही ओळ उजव्या हाताने लिहायची होती, जमलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "बाकीच्या सहा जणांना मी सांभाळते, पण ही खारू इथे राहिली तर नऊ तारीख बघणार नाही." माझी धाकटी बहीण दूरच्या गावी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर बघते. तिथली शाळा टेकडीइतकीच चांगली. तिला मी मागेच लिहिलं होतं, आज तिचं उत्तर आलं: पाठव, जागा ठेवली आहे. नऊ तारखेला फौजदाराच्या माणसाबरोबर आणता येईल.

नेणार कोण? नर्सबाईंच्या मागे माणसं असतात. माझा हात असा. खारूची आई शेडमधून सुटू शकत नाही.

चहा पिता पिता मी यांना बोलून दाखवलं. यांनी कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "मी नेतो."

ता. १, मंगळवार

आज मागची पानं चाळली. दहा तारीख, सतरा तारीख, पंचवीस तारीख. पोटात कळ, चाव्या, छातीत दुखणं. देवाने महिन्यात तीन वेळा मला वाचवायचं मनावर घ्यावं इतकं माझं पुण्य नाही.

याच्या पुढचा विचार मी केला नाही. भात करपला होता, तो उतरवायला उठले.

खारूची आई आली होती. मुलीचा एक फ्रॉक आणि पाटी फडक्यात बांधून आणली. म्हणाली, "वहिनी, मला गावं कळत नाहीत, माणसं कळत नाहीत. तुम्ही सांगता ना, साहेबांबरोबर पाठवू?"

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. आणि ते कारण मोठ्याने उच्चारलं तर या घरात मी पुन्हा भाकर खाऊ शकले नसते. हे बाजूला बसून बुटांची नाडी ओवत होते. वर बघितलं नाही.

"मी सांगते," मी म्हटलं.

आठची बस ठरली आहे. पोरगी आज आमच्याकडेच आहे. यांच्या समोर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. एका शब्दाला अडली तर हे म्हणाले, "सोड तो." ती म्हणाली, "सोडायचा नसतो, मास्तर म्हणालेत." यांनी डोळे मिटून घेतले. झोप आली असेल.

ता. २, बुधवार

हे पाचलाच उठले. म्हणाले, पावणेसहाच्या गाडीने जातो. मी म्हटलं, ठरलं होतं आठचं.

"ठरलं होतं म्हणूनच," हे म्हणाले. मला काही कळलं नाही. पोरीला माझी शाल डोक्यावरून गुंडाळली, तिचा बांधलेल्या करंगळीचा हात हातात घेतला आणि मागच्या बोळाने गेले. पैसे फक्त जाण्यापुरते नेले. येण्याचे विसरले की काय.

नर्सबाई नऊला धापा टाकत आल्या. आठच्या बसवर गोदामाची दोन माणसं प्रत्येक खिडकीत डोकावत होती, म्हणाल्या. मी देवाचे आभार मानले. नर्सबाई म्हणाल्या, "देवाचे नंतर माना. मुकादम त्यात नव्हता. त्याची मोटारसायकल पहाटेपासून शेडसमोर नाही."

फोन करायचा तर तो गोदामात. म्हणून बहिणीला पत्र लिहिलं. डाव्या हाताला अर्धा दिवस लागला. टपालात मी स्वतः टाकते आहे. पत्रांची नक्कल ठेवायची सवय, म्हणून ती खाली.

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे भावजी आज पहाटेच्या गाडीने एका मुलीला घेऊन निघाले आहेत. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते पोचून दोन दिवस झाले असतील. मुलगी अकरा वर्षांची, सावळी, उजव्या हाताची करंगळी बांधलेली, मानेवर भाजल्याचा ताजा डाग. अंगावर माझी तपकिरी शाल. दुसरी कोणी मुलगी नको, हीच हवी. जेवताना तिला आधी वाढ, मागत नाही ती. उजव्या हाताने ओझं उचलायला लावू नकोस. वर्गात पुढच्या बाकावर बसव, हुशार आहे. रात्री दचकून उठली तर सतराचा पाढा उलटा म्हणायला सांग, गप्प होते.

भावजींना बरं नाही. त्यांनी काही सांगितलं तर ऐकून घे, उलट विचारू नकोस. त्यांना घरी परत यायचं असेल तर भाड्याचे पैसे दे, मी पाठवून देईन. यायचं नसेल तर तसंही कळव, मी वाट बघत बसणार नाही, पण कळव.

मुलगी पोचली असं तू लिहिलंस तर मला बरं वाटेल. भावजींनी लिहिलं तर ते पत्रही मी वाचीन. पण माझं मन तेवढ्याने भरणार नाही. तिच्या हाताने लिहून घे, करंगळी दुखत असली तरी. चार ओळी पुरेत. ती अक्षराचा काना खाली जरा लांब ओढते, मी ओळखीन. तिची आई रोज सकाळी सहाला माझ्या दारात येऊन उभी राहणार आहे आणि तिला मी शब्द दिला आहे.

उशीर करू नकोस. उलट टपाली कळव.